खर्रा, जागरण आणि मेंदू : विदर्भातील एका सवयीच्या अभ्यासाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून जे मिश्रण तयार होते, त्याला विदर्भात खर्रा म्हणतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि यवतमाळ या जिल्ह्यांत तो पानठेल्यावर गिऱ्हाईकासमोर बनवून विकला जातो; जवळपास असेच मिश्रण राज्याच्या इतर भागांत मावा या नावाने ओळखले जाते. खर्ऱ्याविषयीच्या वैद्यकीय लेखनाचा फार मोठा भाग तोंडाच्या रोगांविषयी आहे आणि तसे असणे स्वाभाविकही आहे, कारण या सवयीचे सर्वांत भयंकर परिणाम तोंडातच दिसतात. परंतु खर्रा खाणारी माणसे आपल्या सवयीचे कारण सांगताना तोंडाविषयी बोलत नाहीत. खर्ऱ्याने झोप उडते, डोके चालते, भूक मरते, काम ओढले जाते, अशी त्यांची कारणे असतात. म्हणजे या सवयीबद्दलचा दावा मेंदूविषयीचा आहे, तर तिची तपासणी मुख्यतः मुखरोगतज्ज्ञांनी केलेली आहे. या दोहोंमधील अंतर आजवरच्या संशोधनाने कितपत भरून काढले आहे, आणि झोप, रोगप्रतिकारशक्ती व मेंदूचे आरोग्य या तिन्हींच्या संदर्भात कोणत्या भूमिका मांडल्या गेल्या आहेत, हे येथे पाहावयाचे आहे.

सवयीचा विस्तार आकड्यांत पाहिला तर प्रौढांमधील तंबाखूवापराच्या २०१६–१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू, म्हणजे चघळण्याची, मळण्याची किंवा दातांना घासण्याची तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. २००९–१० च्या पहिल्या पाहणीतील ३१.४ टक्क्यांच्या तुलनेत एकूण प्रमाण घटले असले, तरी त्यातील धूर ओढणाऱ्यांचा वाटा तुलनेने अधिक वेगाने कमी झाला. हा तपशील पुढील सर्व विवेचनासाठी महत्त्वाचा आहे, कारण तंबाखू आणि मेंदू यांविषयी जगात जे ज्ञान साठले आहे ते बहुतांशी सिगारेटवरून आलेले आहे, आणि महाराष्ट्रात तंबाखू प्रामुख्याने चघळली जाते.

विड्यातून पान गळाले

खर्ऱ्याचा पूर्वज विडा होय. जेवणानंतरच्या तांबुलाचा उल्लेख आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत येतो, आणि नागपूरच्या परिसरात त्याला शेतीचाही आधार होता. रामटेकच्या आसमंतात बारई समाजाने राखलेले पानमळे आणि तेथले कपुरी पान यांची ख्याती जुनी आहे. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आली आणि पानातील इतर घटकांच्या शेजारी जाऊन बसली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाऊचमधला पानमसाला व गुटखा बाजारात आला तेव्हा या रचनेतून एक घटक बाहेर पडला, तो म्हणजे पान. खर्ऱ्यातही पान नसते. विड्यात वजनाने व आकाराने मोठा वाटा असलेली ओली, हिरवी वस्तू निघून गेली आणि सुपारी, तंबाखू व चुना एवढेच मागे उरले. त्यामुळे चिमूटभर मालातील सुपारीचे प्रमाण वाढले आणि तो तोंडात धरण्याचा अवधीही लांबला. खाण्याच्या पानातील हायड्रॉक्सिचॅव्हिकॉल हे द्रव्य प्रयोगशाळेत ऑक्सिडीकरण रोखणारे आढळले आहे. मात्र पान वगळल्याने होणाऱ्या हानीत त्या द्रव्याच्या अभावाचा वाटा किती आणि सुपारीच्या वाढलेल्या मात्रेचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

या बदलाचा परिणाम नागपुरात लवकर नोंदला गेला. १९९८ साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये प्रसिद्ध झालेल्या नागपूरच्या अभ्यासात सुपारी व पानमसाला यांचा ओरल सबम्युकस फायब्रोसिस या विकाराशी असलेला संबंध तपासण्यात आला. गालांच्या व टाळूच्या अस्तराखाली तंतुमय ऊती साठत जाऊन अस्तर ताठ होणे आणि परिणामी तोंड उघडेनासे होणे, असे या विकाराचे स्वरूप आहे. पुढे २००७ मध्ये मध्य भारतातील १००० रुग्णांच्या पाहणीत स्त्रीरुग्णांच्या तुलनेत पुरुषरुग्ण जवळपास पाचपट असल्याचे, आणि पुरुषांमध्ये हा विकार अधिक तरुण वयात दिसत असल्याचे आढळले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूची जोड नसतानाही, कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकले. त्याच संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०२२ साली जगात झालेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सुमारे ३,८९,८०० नव्या रुग्णांपैकी १,२०,२०० रुग्णांचा रोग धूरविरहित तंबाखू व सुपारी यांना जोडता येतो, आणि त्यांपैकी ८३,४०० रुग्ण एकट्या भारतातले आहेत.

इथवरच्या गोष्टींवर वाद नाही. वादाची व अनिश्चिततेची जागा यापुढे सुरू होते.

पन्नीत काय घडते

पानठेल्यावर गिऱ्हाईक तंबाखूच्या नावावरून किंवा तिच्या आकड्यावरून खर्रा मागते. ठेलेवाला जाड पन्नीच्या तुकड्यावर कातरलेली सुपारी घेतो, तीवर तंबाखू टाकतो, बोटाने ओला चुना लावतो, पन्नी दुमडतो आणि फळीवर ठेवून तळहाताच्या जोराने ती पुढे-मागे घासत राहतो. काही मिनिटांत सुपारीच्या कडा मऊ होतात, चुना सगळीकडे पसरतो आणि मिश्रणाला ओलसर तपकिरी रंग येतो. घोटलेला माल त्याच पन्नीत बांधून दिला जातो. मग त्यातली चिमूट दिवसभर थोडी थोडी गालात जाते. मोठ्या ठेल्यांवर हे काम आता यंत्रही करते, पण हाताने घोटलेल्या खर्ऱ्याची मागणी टिकून आहे.

या घोटण्यात एक रासायनिक क्रिया दडलेली आहे. तंबाखूतील निकोटिन आम्लधर्मी परिस्थितीत विद्युतभारित असते आणि त्या रूपात ते तोंडाच्या अस्तरातून सहज आत शिरत नाही. परिस्थिती अल्कधर्मी झाली की, साधारणपणे आम्लता मोजण्याच्या पट्टीवर ८ च्या आसपास, निम्मे निकोटिन भारमुक्त होते आणि अस्तर ओलांडून रक्तात जाते. चुना नेमके हेच घडवून आणतो. शिवाय तो अस्तराला दाहही करतो, त्यामुळे शोषणाची वाट आणखी मोकळी होते. धूरविरहित तंबाखू व सिगारेट यांची रक्तातील निकोटिनच्या मोजमापाने तुलना करणाऱ्या १९८८ च्या एका अमेरिकी अभ्यासात दोन्हींची कमाल पातळी जवळपास सारखी आढळली. परंतु तंबाखू तोंडातून काढल्यावरही शोषण चालू राहत असल्याने एका वेळच्या वापरातून शरीराला मिळणारे एकूण निकोटिन सिगारेटच्या सुमारे दुप्पट भरले. खर्रा खाणाऱ्याच्या रक्तात निकोटिनची पातळी टोकदार शिखरासारखी न राहता पठारासारखी राहत असावी, या अनुमानाला हा आधार आहे.

सुपारीचे रसायन अधिक गुंतागुंतीचे आहे. तिच्यातील मुख्य अल्कलॉइड, म्हणजे मज्जासंस्थेवर परिणाम करणारा वनस्पतिजन्य क्षार, अ‍ॅरेकोलिन नावाने ओळखला जातो. स्मृती, लक्ष आणि स्वप्ननिद्रा यांच्याशी निगडित असलेल्या अ‍ॅसिटिलकोलिन या मेंदूतील संदेशवाहक द्रव्याची नक्कल तो करतो. चुन्याच्या सान्निध्यात अ‍ॅरेकोलिनचा काही भाग अ‍ॅरेकेडिनमध्ये रूपांतरित होतो. हे द्रव्य ‘गाबा’ या शामक संदेशवाहकाचे पुनर्शोषण रोखू शकते, पण ते मेंदूपर्यंत किती पोचते यावर एकमत नाही. २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: निकोटिनचे व्यसन ज्या ग्राहकांमुळे, म्हणजे पेशींवरील ज्या ग्रहणस्थानांमुळे लागते, त्यांच्यावर अ‍ॅरेकोलिनही मंद परिणाम करते. तंबाखू सोडून ‘नुसती सुपारी’ खाणाऱ्यांची तलफ का सुटत नाही, याचे एक समाधानकारक स्पष्टीकरण त्यामुळे प्रथमच मिळाले.

झोप

झोपेचे नियमन दोन प्रक्रियांनी होते, अशी मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली आणि ती आजही या क्षेत्राचा पाया मानली जाते. जागेपणी मेंदूत झोपेचा दाब साठत जातो, ही पहिली प्रक्रिया. शरीरातील घड्याळ दिवस-रात्रीच्या चक्रानुसार जागृतीला वा झोपेला अनुकूलता देते, ही दुसरी. चहा-कॉफीतील कॅफिन पहिल्या प्रक्रियेवर आघात करते, कारण झोपेचा दाब मेंदूला कळवणाऱ्या अ‍ॅडेनोसिन या द्रव्याची ग्रहणस्थाने ते अडवून धरते. निकोटिनची वाट निराळी आहे. ते जागृती राखणाऱ्या केंद्रांना थेट चेतवते. दोन्हींच्या बाबतीत झोपेची गरज नाहीशी होत नाही, ती केवळ जाणवेनाशी होते.

निकोटिन व झोप यांवरील संशोधनाचे निष्कर्ष बऱ्यापैकी एका दिशेचे आहेत. झोप लागायला उशीर होणे, एकूण झोप कमी होणे, मधूनमधून जाग येणे आणि गाढ झोपेचा वाटा घटणे, हे परिणाम निकोटिन घेणाऱ्यांमध्ये वारंवार आढळले आहेत. निकोटिनचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ, सुमारे दोन तासांचा आहे. रात्री दहा वाजता शेवटची चिमूट थुंकणाऱ्याच्या रक्तात पहाटेपर्यंत फारच थोडे निकोटिन उरते. म्हणजे रात्रीच्या पूर्वार्धात उत्तेजना आणि उत्तरार्धात तुटवडा, अशा दोन विरुद्ध कारणांनी एकाच माणसाची झोप मोडू शकते. उठल्यानंतर पहिली तंबाखू किती मिनिटांत लागते, या एका प्रश्नाचे उत्तर व्यसनाच्या तीव्रतेचा भरवशाचा निर्देशक मानले जाते, त्याचे कारणही हेच. तंबाखू गालात ठेवूनच झोपणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचा धोका अधिक असल्याची नोंद भारतीय अभ्यासांत फार पूर्वीपासून आहे, पण अशा माणसांच्या झोपेकडे त्या अभ्यासांनी लक्ष दिलेले नाही.

सुपारीच्या बाबतीत चित्र अनपेक्षित आहे. १९७८ मध्ये नटराजन सीताराम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत निद्रिस्त स्वयंसेवकांना शिरेतून अ‍ॅरेकोलिन दिले, तेव्हा स्वप्ननिद्रा, म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींची अवस्था, नेहमीपेक्षा लवकर सुरू झाली. त्यावरून सुपारी झोपेच्या एका अंगाला चालना देते असे म्हणता येईल. पण शिरेतून दिलेली शुद्ध मात्रा आणि दिवसभर चुन्यासह चघळलेली सुपारी यांची तुलना ओढूनताणून करणे योग्य नव्हे. स्वप्ननिद्रा लवकर आणणारे द्रव्य व गाढ झोप कमी करणारे निकोटिन एकाच चिमटीतून गेल्यास रात्रीचा एकूण आराखडा कसा बदलतो, हा खर्ऱ्यापुरता खरा प्रश्न आहे आणि घटकांवरील स्वतंत्र प्रयोगांतून त्याचे उत्तर निघत नाही.

खर्ऱ्याला चहाची जोड असते, ही बाबही हिशेबात धरावी लागते. एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असते आणि त्याचा अर्धायुकाल सरासरी पाच तासांचा, पण माणसागणिक बराच कमी-अधिक असतो. २०१३ च्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप एका तासाहून अधिक घटली. ती मात्रा मोठी आहे, आणि टपरीवरच्या दोन कट चहांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. येथे धूर ओढणे आणि तंबाखू चघळणे यांत एक भेद दिसतो, ज्याची चर्चा क्वचितच होते. सिगारेट किंवा बिडीच्या धुरातील हायड्रोकार्बन द्रव्ये यकृतातील कॅफिन मोडणाऱ्या विकराला चेतवतात, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन लवकर निघून जाते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. तेव्हा खर्रा खाणाऱ्याला ही सवलत मिळत नाही, आणि तितक्याच चहाचा परिणाम त्याच्यावर अधिक काळ टिकण्याची शक्यता आहे.

आतापर्यंतचे विवेचन पदार्थाला कारण मानून झाले. दुसरी भूमिका क्रम उलटा लावते: झोप आधीच अपुरी आहे, आणि खर्रा हा तिच्यावरचा घरगुती इलाज आहे. नागपूर परिसराकडे पाहिल्यास ही भूमिका बाजूला सारता येत नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतील फिरत्या पाळ्या, बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील रातपाळी, उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम महामार्ग ज्या शहरात एकमेकांना छेदतात तेथून रात्रभर जाणारे ट्रक, कळमन्याच्या बाजारात पहाटे उतरणारा माल, या सर्व ठिकाणी जागे राहणे हीच कामाची अट आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रातपाळीच्या कामाला २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. रातपाळी करणारा माणूस खर्राही खात असेल तर त्याच्या आजाराचा कोणता भाग कशाच्या खाती टाकावा, हे ठरवण्यासाठी दोन्हींची नोंद एकाच वेळी हवी. ती बहुतेक अभ्यासांत नसते.

उन्हाळा हे आणखी एक कारण. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. पण झोपेच्या दृष्टीने दुपारच्या कमाल तापमानापेक्षा रात्रीचे किमान तापमान अधिक निर्णायक असते, कारण झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान उतरावे लागते. ६८ देशांतील ४७,००० हून अधिक प्रौढांच्या मनगटी यंत्रांवरील नोंदी तपासणाऱ्या २०२२ च्या अभ्यासात उष्ण रात्रींमध्ये लोक उशिरा झोपतात व लवकर उठतात, असे दिसून आले. होळीनंतर कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात त्या घरांत ही झळ थोडी सौम्य होते. टिनाच्या छपराखाली ती तशीच राहते. या शहरात झोपेवरचा कोणताही अभ्यास ऋतू नोंदवल्याशिवाय अपुराच ठरेल.

झोप हा सार्वजनिक धोरणाचा विषय असू शकतो, हे महाराष्ट्राने एका ठिकाणी मान्य केले आहे. फेब्रुवारी २०२४ च्या शासननिर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरले, आणि त्यामागचे कारण मुलांची अपुरी झोप हेच होते. मुलांना दिलेला हा विचार पाळीवर जाणाऱ्या त्यांच्या आई-बापांपर्यंत मात्र पोचलेला नाही.

रोगप्रतिकारशक्ती

झोप आणि रोगप्रतिकारशक्ती यांचा संबंध प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे, पण त्याचा आवाका अजून चर्चेत आहे. २००२ मधील एका प्रयोगात सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिलेल्या तरुणांना फ्लूची लस टोचली, तेव्हा दहाव्या दिवशी त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना ओळखून निष्प्रभ करणारी प्रथिने, पुरेशी झोप घेणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी होती. पुढच्या आठवड्यांत हा फरक बराच भरून निघाला. २०१५ मध्ये १६४ स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचा विषाणू थेंबांवाटे सोडण्यात आला, आणि त्याआधीच्या आठवड्यात सहा तासांहून कमी झोपलेल्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपलेल्यांच्या सुमारे चौपट आढळली. हे प्रयोग थोड्या माणसांवर व थोड्या दिवसांचे आहेत. वर्षानुवर्षे अपुरी झोप घेणाऱ्या कामगाराला ते कितपत लागू पडतात, यावर मतभेद आहेत.

तंबाखूचा स्वतंत्र परिणाम सिद्ध आहे, पण तो बहुतांशी धुराचा. फ्रान्समधील १००० निरोगी व्यक्तींच्या २०२४ च्या अभ्यासात धूम्रपान सोडल्यानंतरही प्रतिकारपेशींच्या प्रतिसादातील काही बदल अनेक वर्षे टिकून असल्याचे दिसले. चघळण्याच्या तंबाखूबाबत इतक्या बारकाईचे पुरावे नाहीत, आणि निकोटिन स्वतः दाह कमी करणाऱ्या एका मज्जामार्गाला चेतवते हेही ज्ञात आहे, त्यामुळे ‘तंबाखूने प्रतिकारशक्ती घटते’ हे सरसकट विधान शास्त्राच्या कसोटीवर नेमके नाही. सुपारीच्या अर्काने जंतू गिळणाऱ्या श्वेतपेशींची क्षमता मंदावते, असे तैवानमधील प्रयोगशाळांनी दाखवले आहे. ते काचनळीतले निरीक्षण आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. २०२० च्या कोविडच्या साथीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तंबाखू चघळून सार्वजनिक ठिकाणी न थुंकण्याचे आवाहन केले, त्याचा आधार थुंकीतून होणारा प्रसार हा होता, प्रतिकारशक्ती नव्हे. लोकांच्या बोलण्यात या दोन गोष्टी पुढे एक झाल्या.

विदर्भाच्या दृष्टीने अधिक विचार करण्याजोगी वाट पोषणाची आहे. सबम्युकस फायब्रोसिसची पहिली खूण बहुधा जळजळ असते. तर्रीपोह्याचा किंवा सावजी रश्श्याचा घास ज्याला सोसेनासा होतो तो आधी तिखट सोडतो, मग भाकरी, मग चावून खाण्याचे बहुतेक सर्व. निरोगी माणसाच्या उघड्या तोंडात उभी तीन बोटे मावतात. दोन, मग एक असे ते माप घटत जाते तसा आहार पातळ आणि एकसुरी होतो. अशा रुग्णांत लोहाची व जीवनसत्त्वांची कमतरता वारंवार आढळते. ही कमतरता विकाराचे कारण आहे की परिणाम, हा जुना वाद मिटलेला नाही. कारण असो वा परिणाम, लोहाच्या कमतरतेने प्रतिकारशक्ती क्षीण होते आणि पाय अस्वस्थपणे हलवत राहण्याचा, झोप मोडणारा विकारही बळावतो. जेवणासोबतचा चहा वनस्पतिजन्य लोहाचे शोषण आणखी घटवतो. पदार्थ, आहार, झोप आणि प्रतिकारशक्ती यांची साखळी येथे एका माणसाच्या ताटात पाहता येते.

मेंदू

मेंदूच्या आरोग्याविषयी तीन भूमिका दिसतात. पहिली निकोटिन व अ‍ॅरेकोलिन यांच्या औषधी शक्यतेची. सीताराम यांच्याच गटाने १९७८ मध्ये अ‍ॅरेकोलिनने शब्दांची यादी पाठ करण्याची क्षमता सुधारते असे दाखवले होते, आणि त्यानंतर अल्झायमरच्या रुग्णांवर त्याचे प्रयोगही झाले; परिणाम अल्पकाळ टिकणारा असल्याने ती वाट पुढे सरकली नाही. निकोटिनच्या बाबतीत २०१२ मध्ये सौम्य विस्मरण असलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या ७४ व्यक्तींवर सहा महिने निकोटिनपट्टीचा प्रयोग झाला आणि त्यांचे लक्ष सुधारलेले आढळले, जरी डॉक्टरांच्या एकंदर मूल्यमापनात फरक पडला नाही. धूम्रपान करणाऱ्यांत पार्किन्सनचे प्रमाण कमी दिसते, या जुन्या निरीक्षणावरून आखलेली निकोटिनपट्टीची चाचणी मात्र २०२३ मध्ये अयशस्वी ठरली; रोगाची गती मंदावली नाही. या पुराव्यांतून ‘डोके चालते’ या अनुभवाला काही आधार मिळतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु सवय जडलेल्या माणसाला चिमूट घेतल्यावर जी टवटवी वाटते तिचा मोठा भाग तुटवड्याची अस्वस्थता शमण्याचा असतो. सवय नसलेला माणूस तेथूनच सुरुवात करत असतो.

दुसरी भूमिका थेट हानीची. चीनच्या हुनान व हैनान प्रांतांत सुपारीचे व्यसन असलेल्यांच्या मेंदूची एमआरआय चित्रे घेऊन केलेल्या अभ्यासांत निर्णयक्षमतेशी संबंधित भागांच्या रचनेत व परस्परजोडणीत फरक नोंदले गेले आहेत. हे अभ्यास लहान आणि एका वेळच्या चित्रांवर आधारित आहेत, त्यामुळे फरक आधी होता की सवयीने घडला हे त्यांवरून सांगता येत नाही.

तिसरी भूमिका झोपेमार्गे जाते. ब्रिटनमधील ७,९५९ शासकीय कर्मचाऱ्यांच्या पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यात पन्नाशी ते सत्तरीच्या काळात सातत्याने सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के अधिक आढळला. याचे कारण म्हणून २०१३ पासून एक सिद्धांत लोकप्रिय आहे: गाढ झोपेत मेंदूतील द्रवप्रवाह वाढून दिवसभराचा टाकाऊ प्रथिनांचा साठा धुऊन निघतो. २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी उंदरांवर मोजमाप करून नेमका उलट निष्कर्ष काढला, की झोपेत ही सफाई मंदावते. हा वाद चालू आहे, आणि झोपेवरच्या लोकप्रिय लेखनात धुलाईचा सिद्धांत ज्या निश्चयाने सांगितला जातो तो निश्चय सध्या तरी अनाठायी आहे. स्मृतिभ्रंशावरील लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके नोंदवले आणि जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश त्यांच्याशी जोडला. त्या यादीत धूम्रपान आहे, अपुरी झोप नाही, आणि चघळण्याच्या तंबाखूचा स्वतंत्र निर्देशही नाही. भारतात साठीपुढील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. ज्या देशात तंबाखू मुख्यतः तोंडात ठेवली जाते, त्याच्यासाठी या यादीतील ही पोकळी किरकोळ नाही.

बंदी आणि मुक्ती

धोरणाच्या पातळीवर दोन मार्ग समोर आहेत. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली आणि पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी व त्यांपासून होणारे खर्रा, मावा यांसारखे पदार्थही तिच्या कक्षेत आणले. ही बंदी वर्षावर्षाने वाढवली जाते. बंदीचे समर्थक म्हणतात की तिने विक्रीला अधिकृतता नाकारली आणि नव्या मुलांपर्यंतची वाट अवघड केली. टीकाकार दाखवतात की कारखान्यात बनणाऱ्या पाऊचवर जी बंदी चालते ती ठेल्यावर हाताने घोटल्या जाणाऱ्या मिश्रणावर चालवणे अवघड आहे, कारण त्यातील सुपारी, चुना आणि साधी तंबाखू ही तिन्ही सुट्या रूपात विकत मिळतात.

दुसरा मार्ग गडचिरोलीत दिसतो. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने शासन व टाटा ट्रस्टच्या सहभागाने २०१६ पासून राबवलेल्या ‘मुक्तिपथ’ कार्यक्रमात गावसंघटना, जनजागृती, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसन सोडणाऱ्यांसाठी उपचार ही चारही अंगे एकत्र आणली गेली. तेथील अनुभवाने दारूबरोबरच तंबाखूचाही प्रश्न जिल्ह्याच्या पातळीवर मोजता व हाताळता येतो, हे दाखवून दिले. या दोन मार्गांत विरोध मानण्याचे कारण नाही. मात्र दोहोंतही झोपेला फारसे स्थान नाही, आणि हे खटकते. कारण तंबाखू सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत निद्रानाश हे नेहमीचे लक्षण असते आणि रातपाळीवरचा माणूस नेमका तेथेच पुन्हा ठेल्याकडे वळण्याचा धोका असतो. निकोटिनची गोळी किंवा पट्टी देताना ती रात्री चालू ठेवावी की काढावी हा निर्णयही झोपेशी जोडलेला आहे. आणि सुपारीच्या तलफेवर तर निकोटिनचा पर्याय अर्धाच उपाय ठरतो.

न सुटलेले प्रश्न

उरलेल्या प्रश्नांपैकी सर्वांत मोठा मिश्रणाचा आहे. निकोटिन, अ‍ॅरेकोलिन व चुना यांचा प्रत्येकी अभ्यास झाला आहे, पण खर्रा या तीन अभ्यासांची बेरीज नव्हे. दुसरा प्रश्न स्त्रियांचा. गोंदिया-भंडाऱ्याकडे गुडाखू व नस ही तंबाखूची रूपे दातांना घासणाऱ्या स्त्रियांच्या झोपेची आणि स्मृतीची नोंद पुरुषांच्या तुलनेत आणखी तुटपुंजी आहे. तिसरा प्रश्न कार्यकारणाचा, म्हणजे जागरणामुळे खर्रा की खर्ऱ्यामुळे जागरण, आणि तो एका वेळच्या पाहणीने सुटणारा नाही.

त्यासाठी लागणारा अभ्यास अवाढव्य असण्याची गरज नाही. खर्रा सोडू इच्छिणारी काही शे माणसे, त्यांतली निम्मी रातपाळीवरची. सोडण्याआधी दोन आठवडे आणि सोडल्यानंतर तीन महिने मनगटी यंत्राने झोपेची मोजणी. लक्ष व स्मृतीच्या मराठीतल्या साध्या चाचण्या. तोंड किती उघडते त्याचे माप आणि रक्तातील लोह. वैद्यकीय महाविद्यालये, दंत महाविद्यालय आणि कर्करोग रुग्णालये असलेल्या नागपुरात हे एकाच शहरात जुळवता येण्याजोगे आहे. सुरुवात मात्र दिवाळीनंतर करावी लागेल, म्हणजे तीन महिन्यांची मोजणी होळीच्या आत संपेल. मे महिन्यात घेतलेल्या नोंदींतून तलफेची जाग कोणती आणि उकाड्याची कोणती, हे वेगळे काढता येणार नाही.